मुलीकडचा शब्द

प्रिय इला,

पत्र मराठीत बघून कपाळाला हात लावू नकोस. इतकी वर्षं दर रविवारी तुला झोपेतून उठवून शाळेच्या कॅफेटेरियात भरणाऱ्या मराठी वर्गाला नेलं, त्याची आज वसुली करतोय असं समज. तू मराठी हळू वाचतेस हे मला माहीत आहे. हळूच वाच. फोन करू शकलो असतो, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "इट्स ओके, बाबा" म्हणतेस आणि मग पुढचं बोलण्यातून माझी सुटका होते. या वेळी ती सुटका मला नको आहे.

घरी तसं ठीक आहे. थंडीमुळे आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तिने जिने चढणं काही थांबवलेलं नाही. गॅरेजमध्ये तुझ्या नावाच्या, प्रचाराच्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, त्यामुळे गाडी बाहेरच असते आणि सकाळी काचेवरचा बर्फ मी खरवडतो. आई म्हणाली, पाट्या बेसमेंटमध्ये नेऊन ठेवू या. मी नको म्हटलं. परवा कचऱ्याचा डबा बाहेर लावताना समोरच्या मिसेस ओर्तेगा भेटल्या. त्यांच्या बेडरूममागे ते नवं डेटा सेंटर सुरू झाल्यापासून त्याच्या घरघराटाने त्यांची झोप गेली आहे. तुझ्या प्रत्येक सभेला त्या पहिल्या रांगेत असायच्या. त्यांनी विचारलं, इला खरंच माघार घेतेय का? मी म्हणालो, तिलाच विचारा. मग घरात आलो तो जॅकेट काढायचंही विसरलो.

तू माघार घेतलेली नाहीस. काउंटी बोर्डाची ही जागा लढवायचीच असं तू ठरवलं होतंस आणि अजूनही तुझं तेच आहे. तरी आज निम्म्या ॲशबर्न गावाला वाटतंय की तू कायल डेनिंगसाठी वाट मोकळी करून दिलीस. पक्षाच्या कमिटीने तुझे आभार मानणारी मेल पाठवली. तुमच्याकडून आम्हाला शब्द मिळाला, असं तिच्यात होतं. तो शब्द कोणी दिला हे शोधताना तू नीनासारखी लहानपणची मैत्रीण गमावलीस. मला त्या विदरबी हाउसमधल्या जेवणाबद्दल लिहायचं आहे, कारण ते तू अर्धंच पाहिलंस आणि मी शेवटपर्यंत.

त्या संध्याकाळी मजा आली होती, ते मी नाकारणार नाही. त्या जुन्या घराच्या डागडुजीसाठी दरवर्षी १८८८ सालच्या पद्धतीचं जेवण ठेवतात आणि आपल्या भागातले झाडून सगळे राजकारणी शेपटीचे कोट घालून तिथे येतात, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. तू जांभळा झगा घातला होतास आणि मागे त्या काळचा फुगवटा यावा म्हणून कमरेखाली सोफ्यावरची उशी बांधली होतीस. आई म्हणाली, "अगं, बसायची सोय घरूनच घेऊन निघालीस?" माझ्या भाड्याच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, आईने त्यांना आतून सेफ्टी पिना लावल्या आणि हात फार वर करू नका म्हणून बजावलं. ती स्वतः मात्र यायला तयार नव्हती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं जेवण म्हटल्यावर आपण टेबलाच्या कुठल्या बाजूला असणार ते वेगळं सांगायला नको, असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं की ही अमेरिका आहे, राणी तिकडची. ती म्हणाली, राणी तिकडची, पण काटे-चमचे तिचेच ना.

दारातून आत गेल्यावर चांदीच्या तबकात ठेवलेली ती छोटी पाकिटं तुला आठवत असतील. प्रत्येक पुरुषाच्या नावाचं एक, आणि आत ज्या बाईला हात देऊन जेवायला न्यायचं तिचं नाव. यजमानीणबाईंनी सांगितलं की त्या काळी वॉशिंग्टनमध्ये कोणाचा भाव चढलाय आणि कोणाचा उतरलाय हे वर्तमानपत्राच्या आधी या पाकिटांतून कळायचं. कायलच्या पाकिटातून तुझं नाव निघालं. एकाच जागेसाठी लढणारे तुम्ही दोघं हातात हात घालून निघालात तेव्हा सगळा हॉल हसला, तूही हसलीस. मला माजी सिनेटर ग्रिम्सबी यांच्या पत्नी मिळाल्या. सूप आणि मासे होईपर्यंत एका बाजूला बोलायचं आणि यजमानीणबाईंनी मान वळवली की सगळ्या टेबलाने मान वळवायची, हे तू मला गाडीत शिकवलं होतंस. मी ते काटेकोर पाळलं. मिसेस ग्रिम्सबी मला त्यांच्या आजारी घोड्याबद्दल सांगत होत्या आणि ऐन मोक्याला मान वळली. तो घोडा जगला की नाही हे मला अजून माहीत नाही.

मग गोड झालं. यजमानीणबाईंनी मिसेस ग्रिम्सबींकडे नुसतं पाहिलं, त्या दोघी उठल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या बायका उठल्या. पुरुषांनी मागे राहून पोर्ट वाइन घ्यायची आणि राजकारण बोलायचं, बायकांनी पलीकडच्या खोलीत कॉफी घ्यायची, अशी ती रीत. उमेदवार तू, तुझी सगळी मोहीम चालवणारी नीना, आणि नेमक्या तुम्ही दोघीही बाहेर निघालात. दारात थांबून तू माझ्याकडे वळलीस, गुडघे वाकवून खोटा खोटा मुजरा केलास आणि म्हणालीस, "बिहेव्ह, बाबा." सगळे पुन्हा हसले. दार बंद झालं. तुझ्या बाजूचा म्हणता येईल असा त्या खोलीत मी एकटा उरलो.

तिथे काय झालं ते तू मला परत येताना गाडीत विचारलंस. मी म्हणालो, काही नाही, घोड्यांच्या गप्पा. तू हसलीस आणि रेडिओ लावलास. घोड्यांच्या गप्पा झाल्या होत्या हे खरं आहे, पण त्या सुरुवातीला.

त्यांनी सगळ्यांना सिगार दिले. म्युझियमच्या नियमामुळे ते पेटवायचे नव्हते, नुसते बोटांत धरायचे. वाइनची सुरई डावीकडे सरकवायची असते. मी ती उजवीकडे दिली. ग्रिम्सबी स्वतः उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून सुरई त्यांनी योग्य दिशेला लावली आणि मग परत न जाता माझ्या शेजारचीच खुर्ची ओढून घेतली. इला, मी या देशात आल्यापासून डेटा सेंटरच्या यंत्रांची देखभाल केली. मशीन थंड करणारी यंत्रणा बंद पडली की सगळ्यांना माझी आठवण व्हायची, आणि ती सुरू झाली की कोणाला नाही. ज्या घरघराटाविरुद्ध तू लढतेस त्याच घरघराटावर आपलं घर उभं राहिलं, हे तूच एकदा सभेत सांगितलंस आणि मी मान खाली घातली होती. त्या टेबलावर पहिल्यांदाच कोणीतरी माझं गाव विचारलं, वडील काय करायचे ते विचारलं. तुमच्याकडे घरातले मोठे निर्णय कसे होतात, असं विचारलं.

आणि मी त्यांना बैठक समजावून सांगितली. अमरावतीला आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवायचं असलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बाहेरच्या खोलीत गादीवर लोडांना टेकून बसायची. मोरेश्वरकाका घरात सर्वांत मोठे. आपल्या घरातल्या सगळ्या मुलींच्या लग्नात मुलीकडचा शब्द त्यांनी दिला आणि त्यांचा शब्द कधी मागे फिरला नाही. मी हे रंगवून सांगितलं. सगळे माझ्याकडे वळून ऐकत होते. कोणीतरी म्हणालं, अगदी असंच, १८८८ साली इथेही अगदी असंच चालायचं. मला फार अभिमान वाटला. मुलगी त्या वेळी कुठे असायची ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुचित्राआत्याच्या बैठकीला ती स्वयंपाकघरात होती. आपलं लग्न ठरलं हे तिला बाहेर पेढ्यांचा पुडा सोडल्याच्या आवाजावरून कळलं. ही गोष्ट ती आजही हसत सांगते. त्या टेबलावर मला ती आठवली नाही. आता रोज आठवते.

मग ग्रिम्सबी हलक्या आवाजात बोलू लागले. एका जागेसाठी दोन उमेदवार लढले तर पक्षाचं नुकसान. कायलच्या मागे जुनी माणसं आहेत. इला हुशार आहे, तरुण आहे. या वेळी तिने थांबावं, पुढच्या वर्षी प्लॅनिंग कमिशनवर तिची नेमणूक करून घेऊ, निवडणुकीची दगदग नाही. ते तिला हे सांगायला गेले तर ती भांडेल, पण घरातून कोणी सांगितलं तर गोष्ट वेगळी. तुला वाटेल, बाबाला त्यांचा डाव कळला नाही. कळला. पण त्याच वेळी मला दिसत होतं की तू थंडीत दारोदार फिरणार नाहीस, सभेत कोणी तुझ्यावर ओरडणार नाही, एक मानाची जागा तुला चालून येते आहे. मी तुझ्यासाठी काहीतरी मिळवतोय असंच मला वाटलं. चांगलं स्थळ आल्यावर बापाला वाटावं तसं.

एक गोष्ट लपवणार नाही. कायल डेनिंग मध्ये बोलला. हातातला तो न पेटवलेला सिगार त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला की इला शेजारच्याच खोलीत आहे, तिलाच विचारू या का? ग्रिम्सबी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तिचे वडील इथे बसले आहेत. त्यांचा शब्द आम्हाला पुरेल." सगळे माझ्याकडे बघत होते. तुला विचारा असं म्हणणारा तुझा प्रतिस्पर्धी होता, तुझा बाप नव्हता. मग मी बोललो, "ती माझं ऐकते. शब्द दिला असं समजा." ग्रिम्सबींनी उभं राहून माझा हात हातात घेतला. माझी बाही वर सरकली आणि आईने लावलेली पिन टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तुला शांतपणे समजावून सांगायचं असं मी ठरवलं होतं. सकाळी तू आलीस आणि ओट्याजवळ उभी राहून मिसेस ओर्तेगांच्या गल्लीत कोणत्या घरांना अजून भेटायचं राहिलंय ते सांगत राहिलीस. मला धीर झाला नाही. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या उजाडला आणि कमिटीची मेल आली.

मेल आली ती दुपार तुला वेगळी आठवत असेल, मी तिथे काय करत होतो हे तू पाहिलंही नसशील. तू आपल्या स्वयंपाकघरातूनच ग्रिम्सबींना फोन लावलास, नीना शेजारी होती. ते म्हणाले की सभ्य माणसं असली नावं सांगत नसतात, आपल्याच माणसांना विचार. तुझी आपली माणसं म्हणजे नीना. आदल्या आठवड्यात तिने ग्रिम्सबींच्या माणसाबरोबर कॉफी घेतली होती, ती तुझ्यासाठी सभागृह मिळवायला, पण तुला वाटलं तिथेच सौदा झाला. नीना नाही नाही म्हणत राहिली. तू म्हणालीस, माझ्या वतीने बोलणारं दुसरं आहे कोण? मी तुमच्याकडे पाठ करून चहात आलं किसत होतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या स्वयंपाकघरात उभं होतं आणि आलं किसत होतं. पाट्यांची ने-आण करायला दिलेली गॅरेजची किल्ली नीनाने काढून टेबलावर ठेवली. जाताना ती माझ्याजवळ आली. लहानपणापासून आपल्या टेबलावर जेवलेली पोर ती, रडत नव्हती, नुसतं म्हणाली, "श्रीकाका, तुम्ही तरी सांगा ना हिला." आणि मी म्हणालो, आधी चहा घ्या दोघी. चहा कोणीच घेतला नाही. मी तो ओतून दिला आणि पातेलं घासून ठेवलं.

त्यानंतर तू घरी आलेली नाहीस. आईला वाटलं तू थकली आहेस. तिला मी कालच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, उरलेल्या सगळ्या पोळ्या तिने केल्या, तव्याखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "बरं झालं मी आले नाही. आले असते तरी दुसऱ्याच खोलीत असते." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

आज सकाळी मी नीनाकडे गेलो. तिने मला आत बसवलं. मी सांगत होतो तोवर ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली, की ती किल्ली ठेवून निघाली तेव्हा मला हे ठाऊक होतं का. मी हो म्हणालो. ती उठून आत गेली आणि आईचा स्टीलचा डबा घेऊन आली, दिवाळीत चिवडा भरून दिला होता तो. घासूनपुसून लखलखीत. तुला आठवतं, लहानपणी या दोन घरांमधून डबे जायचे-यायचे आणि कोणीच कोणाचा डबा रिकामा परत करायचं नाही? घरात काही नसलं तर नीनाची आई चिमूटभर साखर घालून द्यायची. आज तो डबा मी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि ब्रेक लावला की झाकण वाजत होतं. आईने तो हातात घेतला, उघडून बघितला आणि कपाटात ठेवला. तुझ्या आणि नीनाच्या मध्ये मी पडणार नाही. ती निर्दोष आहे एवढंच मी सांगू शकतो, आणि ते मी त्या दुपारीच सांगायला हवं होतं.

आता हे पत्र का, ते सांगतो. गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीत कमिटीची बैठक आहे. तिथे कायलच्या नावावर शिक्का बसेल. सभासद नसलेल्यांनाही दोन मिनिटं बोलता येतं, आधी नाव नोंदवावं लागतं. नीनाकडून आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की इलाने काहीही मान्य केलेलं नाही, तो शब्द माझा होता आणि तो देण्याचा मला काही अधिकार नव्हता, असं मी ठरवलं होतं. काय बोलायचं ते पाठही केलं. नाव टाइप केलं, आणि मग बटण दाबायच्या आत माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. पुन्हा एका खोलीत जाऊन तुझ्याबद्दल बोलणार होतो आणि तुला विचारलेलंच नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि कागद घेतला. तर आता विचारतो. मी बोलू का? की तू बोलशील आणि मी मागच्या रांगेत बसू? की तिथे माझं तोंडही तुला दिसायला नको? तू सांगशील तसं होईल आणि तू सांगेपर्यंत मी आणखी कुणाकडेही काही बोलणार नाही. बुधवार संध्याकाळपर्यंत नाव नोंदवता येतं. पाट्या गॅरेजमध्ये आहेत तशाच आहेत. फक्त इट्स ओके म्हणू नकोस, इला. हो म्हण किंवा नाही म्हण.

तुझ्या शब्दाची वाट बघणारा,
तुझाच,
बाबा